जुनाट सायनस: दुर्बिणीचं ऑपरेशन की बलून? माहिती आणि अनुभव हवेत

सायली_पिंची

नमस्कार मंडळी, भावासाठी विचारतेय. वय ३४, भोसरीला मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. गेली काही वर्षं त्याची सर्दी अशी जातच नाही, नाक कायम चोंदलेलं, घशात मागून कफ उतरत राहतो, सकाळी उठला की खाकरून खाकरून बेजार. आणि दिवाळीपासून वास येणं जवळजवळ बंद झालंय. परवा गॅसवर दूध करपलं, हा त्याच किचनमध्ये फोनवर बोलत उभा आणि याला पत्ता नाही! तेव्हा मात्र आई घाबरली, उद्या गॅस लीक झाला तर काय, हेच तिच्या डोक्यात बसलंय.

आत्तापर्यंत फॅमिली डॉक्टरांकडून अँटिबायोटिकचे कोर्स झाले, प्रत्येक वेळी आठवडाभर बरं आणि मग परत ये रे माझ्या मागल्या. शेवटी ईएनटीकडे गेलो. त्यांनी नाकात दुर्बीण घालून बघितलं, सीटी काढायला लावला आणि म्हणाले दोन्ही बाजूंना पॉलिप्स (सुजलेल्या अस्तराचे मऊ घोस) आहेत, नाकातला मधला पडदाही वाकडा आहे, आधी नीट औषधं करू, नाहीच फरक पडला तर फेस सर्जरी, म्हणजे दुर्बिणीतून सायनसचं ऑपरेशन. सेकंड ओपिनियनला दुसरीकडे गेलो तर तिथे डॉक्टरांच्या आधी काउन्सेलर भेटल्या आणि बलूनचं, म्हणजे फुग्याने सायनसचं तोंड रुंद करण्याचं, माहितीपत्रकच हातात दिलं. कापाकापी नाही, रक्त नाही, त्याच दिवशी घरी. सीटीची फिल्म कोणी उघडूनही बघितली नाही. भावाला साहजिकच बलून पटलंय, रजा कमी पडणार म्हणून.

मला विचारायचंय ते असं की या दोन्हींत नेमका फरक काय? पॉलिप असताना बलून चालतं का? ऑपरेशन केल्यावर हे कायमचं जातं का, कारण ओळखीतले सगळे सांगतात की सायनसचं ऑपरेशन करू नका, परत होतंच. सीटीच्या रिपोर्टात दोन्ही मॅक्सिलरी आणि एथमॉइड सायनस भरलेले, ऑस्टिओमिएटल कॉम्प्लेक्स दोन्हीकडे ब्लॉक, डावीकडे डीएनएस (वाकडा पडदा) असं लिहिलंय.

ऋतुजा_म

वाचतेय. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे, त्यामुळे वाचनखूण साठवली.

बापूकाका_वाई

सायलीताई, ऑपरेशन करू नका असं जुनी माणसं का म्हणतात ते मी सांगतो, कारण मी त्या काळातला पेशंट आहे. आमच्या वेळी सायनस म्हटलं की वॉश. खुर्चीत बसवायचे, नाकात औषधाचा बोळा ठेवून भाग बधिर करायचे आणि मग नाकातून एक जाड सुई गालाच्या पोकळीत घुसवायचे, हाड फुटल्याचा कट्ट असा आवाज डोक्याच्या आत यायचा, तो आज पन्नास वर्षांनीही माझ्या कानात आहे. मग पिचकारीने मिठाचं पाणी सोडायचे, ते घाण घेऊन नाकातून खाली हनुवटीशी धरलेल्या ट्रेमध्ये पडायचं. दोन महिने बरं वाटायचं. माझ्या थोरल्या भावाचं तर वरचा ओठ उचलून हिरडीच्या वरून हाड कोरलं होतं, तोंड आठ दिवस सुजलेलं, आणि त्या बाजूचे दात अन् गाल पुढे कित्येक वर्षं बधिर होते. त्यालाही परत झालंच. ही माणसं जे सांगतात ते खोटं नाही, पण ते ऑपरेशन आता क्वचितच करतात. माझ्या सुनेचं दुर्बिणीतून झालं, दुसऱ्या दिवशी घरी आली, चेहऱ्यावर ओरखडाही नाही.

अनुस्वार

मी ईएनटी सर्जन आहे. इथे कोणाचं निदान करणार नाही, पण मुळापासून सांगतो म्हणजे डॉक्टरांशी बोलायला सोपं जाईल.

सायनस हा आजार नाही, ती प्रत्येकाच्या चेहऱ्यातली हवेची पोकळी. चार जोड्या असतात. गालात मॅक्सिलरी, कपाळात फ्रंटल, दोन डोळ्यांच्या मध्ये एथमॉइड (ही एक पोकळी नसून लहान लहान कप्प्यांची जाळी असते) आणि पार मागे कवटीच्या तळाशी स्फेनॉइड. या सगळ्यांच्या आतल्या अस्तरात चिकट स्राव तयार होतो आणि डोळ्यांना न दिसणारे केस तो स्राव सतत ढकलत नाकात आणून सोडतात. आता मजा बघा, गालाच्या पोकळीचं तोंड खाली नसतं, वर असतं. तरी ते केस स्राव वर चढवून त्याच तोंडाकडे नेतात. खाली कितीही मोठं भोक पाडलं तरी स्राव जाणार नैसर्गिक तोंडाकडेच. काकांच्या काळातल्या ऑपरेशनांनंतर त्रास परत यायचा त्याचं मोठं कारण हे.

ऑस्ट्रियातल्या ग्राझचे मेसरक्लिंगर यांनी हा स्रावाचा प्रवास दुर्बिणीतून बारकाईने अभ्यासला. त्यांच्या लक्षात आलं की खरी अडचण बहुतेकदा त्या पोकळीत नसते, तिचं तोंड जिथे उघडतं त्या अरुंद बोळात असते, म्हणजे सायलीच्या रिपोर्टमधलं ऑस्टिओमिएटल कॉम्प्लेक्स. मोरीची जाळी तुंबली की पाणी बाथरूमभर साचतं, पण साफ करायची असते जाळी. पुढे स्टॅमबर्गर आणि अमेरिकेतले केनेडी यांनी ही पद्धत जगभर नेली. १९८५ मध्ये केनेडींनी तिला फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी म्हटलं, तीच आपली फेस. बाहेरून छेद नाही, ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत, सरळ बघणारी आणि कोपऱ्यात वाकून बघणारी अशा वेगवेगळ्या कोनांच्या दुर्बिणी असतात. अडवणारे हाडाचे पातळ पडदे आणि पॉलिप काढायचे, नैसर्गिक तोंड रुंद करायचं, चांगलं अस्तर शक्य तेवढं राखायचं.

बलूनमध्ये काहीच काढत नाहीत. बारीक तार सायनसच्या तोंडातून आत घालायची, टोकाला दिवा असेल तर कपाळावर किंवा गालावर उजेड दिसतो आणि तार बरोबर जागी गेल्याचं कळतं, मग तिच्यावरून फुगा सरकवायचा, काही सेकंद फुगवायचा, भोवतालचं पातळ हाड सूक्ष्म तडकून बाजूला सरकतं आणि तोंड रुंद होतं. अमेरिकेत २००५ मध्ये याला मान्यता मिळाली. तंत्र चांगलंच आहे आणि जागा बधिर करूनही करता येतं. पण फुगा घालायला एक तोंड असलेली पोकळी लागते, म्हणजे मॅक्सिलरी, फ्रंटल, स्फेनॉइड. एथमॉइडच्या कप्प्यांच्या जाळीत फुगा कुठे घालणार? आणि फुग्याने पॉलिप जात नाहीत, बुरशीचा चिकट मळ निघत नाही. त्यामुळे सायली, दोन्ही बाजूंना पॉलिप आणि एथमॉइड भरलेले असतील तर फक्त बलून हा साधारणपणे त्यावरचा उपाय नव्हे. जिथे सीटीची फिल्म न बघता उपाय सुचवला जातो तिथे निर्णय घेऊ नका, एवढं कळकळीने सांगेन.

निमिष_अहमदनगर

डॉक्टर, मनापासून आभार, इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. पण औषधं आधी नीट करू म्हणजे काय? आम्ही वाफ घेतो, जलनेती करतो, स्प्रे मारतो, तरी काही नाही. आणि पॉलिप म्हणजे ते नाकात मास वाढतं तेच ना?

अनुस्वार

निमिष, मास वाढलंय म्हणून पेशंट येतात तेव्हा निम्म्यांत ती टर्बिनेट असतात, म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचे प्रत्येकाला असणारे उंचवटे, जे ॲलर्जीने फुगतात. पॉलिप वेगळे, ते सुजलेल्या अस्तराचे फिकट, मऊ घोस असतात आणि दाबले तरी दुखत नाहीत. टर्बिनेट लहान करायला रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा कोब्लेशन असतं, तो अगदीच छोटा उपाय. त्यामुळे आपल्याला नेमकं काय आहे हे विचारून घ्या.

बारा आठवडे किंवा जास्त काळ नाक चोंदणं किंवा वाहणं, त्यासोबत चेहऱ्यावर दाब किंवा वास जाणं, आणि दुर्बिणीत किंवा सीटीत तसा पुरावा, हे सगळं जुळलं तर आम्ही क्रॉनिक म्हणतो. हा बहुतेकांत जंतूंपेक्षा अस्तराच्या सुजेचा आजार असतो म्हणून तर अँटिबायोटिकने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. सुजेवर काम करतो स्टिरॉइडचा स्प्रे, मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन. तो रोज, निदान आठ ते बारा आठवडे. दोन दिवस मारून काही होत नाही म्हणून सोडला तर तो वापरलाच नाही असं धरा. स्टिरॉइड म्हटलं की लोक दचकतात, पण स्प्रेतून रक्तात जाणारं प्रमाण फार कमी असतं.

मारायची पद्धत चुकते ती इथे लिहितो. आधी नाक मिठाच्या पाण्याने धुवा, थोडं थांबा. मान किंचित पुढे. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा, म्हणजे नोझल आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारत राहिलात तर औषध वाया आणि घोळणा फुटतो. जोरात हुंगायचं नाही, औषध घशात उतरतं.

नाक धुणं हा उपचाराचा पाया आहे, जलनेती चांगलीच. पण पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच. नळाचं, बोअरचं, विहिरीचं कच्चं पाणी नाकात घालू नका. नेग्लेरिया नावाचा अमिबा नाकातूनच मेंदूत शिरतो, केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अशा मेंदूज्वराचे पेशंट सापडलेत. प्रकार अत्यंत दुर्मीळ, पण झाला तर वाचणं कठीण, आणि पाणी उकळणं सोपं आहे. पाव लिटर पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. झोंबलं तर मिठाचं प्रमाण चुकलंय. धुतलं की बाटली कोरडी करून ठेवा.

वाफेने तात्पुरतं मोकळं वाटतं, आजार बरा होत नाही. लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर वाकवू नका, भाजलेली मुलं बघितली आहेत. आणि ते चटकन नाक उघडणारे थेंब, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे, पाच-सात दिवसांच्या वर नकोत. पुढे त्यांच्यामुळेच नाक बंद होतं.

केतकी_देव

माझा अनुभव थोडा वेगळा. कपाळ, डोळ्यांच्या मागे, गाल ठणकायचे, मी आणि सगळेच सायनस म्हणायचो. आमच्याकडे आजीलाही सायनसच होता. ईएनटी डॉक्टरांनी दुर्बीण घातली, सगळं स्वच्छ. त्रास चालू असतानाच सीटी काढला, तोही स्वच्छ. त्यांनी सरळ न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं आणि निघाली मायग्रेन. उजेड नको वाटणं, मळमळ, पाळीच्या आधी वाढणं हे सगळं होतं पण कोणी विचारलंच नव्हतं. नंतर वाचलं की २००४ मध्ये अमेरिकेत जवळपास ३००० जणांचा अभ्यास झाला होता, सगळे स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे म्हणणारे, त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या प्रकारात बसली. म्हणून फक्त डोकेदुखीसाठी, नाक मोकळं असताना, कोणी बलून किंवा ऑपरेशन सांगत असेल तर आधी ही शक्यता तपासून घ्या प्लीज.

अनुस्वार

केतकी, अगदी महत्त्वाचं लिहिलंत. जुनाट सायनसमध्ये दुखणं हे मुख्य लक्षण असेलच असं नाही, जड वाटतं, दाब येतो. कडक ठणका आणि नाक कोरडं मोकळं असेल तर मलाही आधी मायग्रेनच आठवते.

प्रथमेश_डोंबिवली

आमच्या मॅडमना फक्त डाव्या बाजूने घाण वासाचा शेंबूड यायचा, वर्षभर औषधं खाल्ली. शेवटी एका डॉक्टरांनी सीटी बघताना खाली वरच्या दाढेच्या मुळाशी बोट ठेवलं. जुनं रूट कॅनल सडलं होतं, तिथून पू थेट गालाच्या सायनसमध्ये. दाताच्या डॉक्टरांनी तो दात काढला, मग दुर्बिणीतून सायनस साफ केला, आज ठणठणीत. एकाच बाजूचा त्रास आणि दुर्गंधी असेल तर दात दाखवा.

अनुस्वार

बरोबर. एकाच बाजूचं काहीही असलं की आम्ही सावध होतो. दात असतो, बुरशीचा गोळा असतो, क्वचित गाठ असते. एकाच बाजूचं पॉलिप काढलं तर तपासायला पाठवलंच पाहिजे. आणि डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, तापासोबत भयंकर डोकेदुखी, किंवा मधुमेह असलेल्या माणसाच्या नाकात काळी खपली आणि गाल बधिर, असं काही दिसलं तर धाग्यावर विचारत बसू नका, त्याच तासाला हॉस्पिटल. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, महाराष्ट्रात किती जणांचे डोळे गेले ते आम्ही बघितलंय.

श्रीराम_फ्रीमाँट

अमेरिकेतल्या बे एरियातून लिहितोय. माझं बलून झालंय, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. मला पॉलिप नव्हते, एथमॉइड स्वच्छ, त्रास फक्त कपाळाच्या आणि गालाच्या सायनसचा, दर हिवाळ्यात इन्फेक्शन, विमान उतरायला लागलं की भुवईच्या वर सुरी खुपसल्यासारखी कळ. डॉक्टरांच्या क्लिनिकमध्येच खुर्चीत बसून झालं. नाकात बधिर करणारे बोळे बराच वेळ ठेवले, मग इंजेक्शनं. शुद्धीत असल्यामुळे फुगा फुगताना दाब आणि चरचर स्पष्ट जाणवते, दुखतं असं नाही पण खुर्चीचे हात मी घट्ट धरून ठेवले होते. माणूस घाबरट असेल तर झोपेचं औषध मागावं. दोन दिवस रक्ताळलेलं पाणी आलं, लगेच कामावर गेलो. दोन हिवाळे बरे गेलेत. माझ्यासारख्या पेशंटला बलून उत्तम आहे, सायलीच्या भावाची केस वेगळी दिसते.

इथे माझ्या मित्राला दमा आणि पॉलिप दोन्ही आहेत, फेस दोनदा झाली तरी पॉलिप परत आले. त्याला आता डुपिलुमॅबचं इंजेक्शन चालू आहे, दर दोन आठवड्यांनी घरीच पोटावर टोचून घेतो. वास परत आला त्याला. पण किंमत प्रचंड, इन्शुरन्सशिवाय अशक्य.

मनवा_ठाणे

मी इन्शुरन्स क्लेम्समध्ये काम करते, त्या बाजूचं लिहिते. बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसींत सायनस आणि नाकाच्या पडद्याच्या ऑपरेशनला दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, काहींत जास्त, तो आधी वाचा. बलून सायनुप्लास्टी हे आयआरडीएआयच्या (विमा नियामक) २०१९ च्या गाइडलाइन्समधल्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहे, म्हणजे कंपनी ते नवीन तंत्र आहे म्हणून सरसकट नाकारू शकत नाही, मात्र त्यावर वेगळी मर्यादा असू शकते. फुगा एकदाच वापरायचा असतो आणि बिलात तोच सगळ्यात महाग पडतो, म्हणून एस्टिमेट घेताना बलून, मायक्रोडिब्रायडरचं (पॉलिप कापून ओढून घेणारं यंत्र) ब्लेड, पॅकिंग, नेव्हिगेशन (अवजार नेमकं कुठे आहे ते सीटीवर दाखवणारी यंत्रणा) हे सगळं वेगळं लिहून मागा. प्री-ऑथ, म्हणजे कंपनीची आगाऊ मंजुरी, घेताना सीटीचा रिपोर्ट आणि आधी किती आठवडे औषधं घेतली त्याचे प्रिस्क्रिप्शन जोडले की क्वेरी कमी येतात. जुने कागद फेकू नका! मेडिक्लेम नसेल तर सरकारी हॉस्पिटलच्या ईएनटी विभागात फेस होते, महात्मा फुले योजनेबद्दल तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

वैदेही_कोथरूड

सायली, माझी फेस आणि सेप्टोप्लास्टी (वाकडा पडदा सरळ करणं) दोन्ही झालं, पॉलिपसाठीच, म्हणून ऑपरेशननंतरचं सविस्तर लिहिते कारण तेच कोणी सांगत नाही.

पूर्ण भूल दिली होती. जाग आली तेव्हा घसा दुखत होता आणि नाकात पॅक असल्यामुळे फक्त तोंडाने श्वास, हा पहिला दिवस सगळ्यात कंटाळवाणा, ओठ सुकून फुटतात, व्हॅसलिन आणि पाण्याची बाटली उशाशी ठेवा. दुखणं माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळ कमी. पॅक काढताना मात्र डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, अर्धं मिनिट, संपलं. (हल्ली विरघळणारे पॅकही असतात, विचारून घ्या.) नंतर आठवडा-दीड आठवडा नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, झोपताना दोन उशा. 

खरं काम पुढे असतं. दिवसातून तीन-चार वेळा नाक धुणं. बाटली दाबली की आतून तपकिरी, काळपट खपल्या येतात, एकदा तर बोटाच्या पेराएवढी लांब निघाली आणि त्यानंतर जो श्वास आत गेला तो मी विसरणार नाही. दर आठवड्याला डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीखाली सक्शनने साफसफाई. ती टाळायची नाही, खपल्या साचल्या की दोन्हीकडचं अस्तर एकमेकांना चिकटतं आणि केलेलं ऑपरेशन वाया. वास हळूहळू आला, सगळ्यात आधी कॉफीचा, मग फोडणीतल्या हिंगाचा. सगळ्यांचा येतोच असं नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. स्प्रे आणि नाक धुणं आजही चालू आहे, आणि ते मी दात घासण्याइतकं पक्कं धरलंय.

आणि तोपर्यंत घरात गॅस लीक डिटेक्टर लावून टाका, ऑनलाइन मिळतो, आईची काळजी आजच कमी होईल.

सायली_पिंची

वैदेही, डिटेक्टर ऑर्डर केला. सगळ्यांचे खूप आभार, भावाला अख्खा धागा वाचायला लावलाय. डॉक्टर, दोन प्रश्न. धोके काय असतात? डोळा आणि मेंदू जवळ आहे हे वाचून तो घाबरलाय. आणि परत पॉलिप येणार असतील तर ऑपरेशन कशाला, असं वडील विचारतायत.

अनुस्वार

धोका लपवणार नाही. एथमॉइड आणि डोळा यांच्यामधलं हाड कागदाइतकं पातळ असतं, वर मेंदूचं छत. डोळ्याला इजा, मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळणं, मोठा रक्तस्राव हे होऊ शकतं, पण सरावाच्या हातात अशा गंभीर गोष्टी शंभरात एकापेक्षाही कमी. त्यासाठीच सीटी लागतो, तो सर्जनचा नकाशा आहे, साध्या एक्स-रेने भागत नाही. अवघड किंवा दुसऱ्यांदाच्या ऑपरेशनात नेव्हिगेशन वापरतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दमा, ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनने दम लागतो का, हे सगळं आधी सांगा. पॉलिप, दमा आणि या गोळ्यांचं वावडं हे त्रिकूट असलं तर पॉलिप परत यायची शक्यता जास्त असते आणि भूल देणाऱ्यांनाही ते माहीत हवं.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर. पॉलिप हा अस्तराच्या स्वभावाचा आजार आहे, ऑपरेशनने स्वभाव बदलत नाही. मग ऑपरेशन कशाला? तर आज त्याचं औषध आत पोचतच नाहीये. पॉलिपने बोळ बंद असताना स्प्रे नाकाच्या तोंडाशीच राहतो. फेसनंतर पोकळ्या उघड्या होतात, धुतलेलं पाणी आणि औषध थेट अस्तरावर जातं, मग कमी औषधात सूज ताब्यात राहते. जे पेशंट ऑपरेशन झालं म्हणून स्प्रे सोडतात त्यांच्यात हे लवकर परत येतं, आणि ऑपरेशनचा काही उपयोग नाही म्हणणाऱ्यांत तेच जास्त असतात. डुपिलुमॅबसारखी जैविक इंजेक्शनं आहेत, पण ती आपल्याकडे बहुतेक वेळा ऑपरेशन आणि नियमित औषधानंतरही पॉलिप येत राहिले तर विचारात घेतात.

पण अजून एक. आधी सांगितलेले आठ-बारा आठवडे प्रामाणिकपणे करा. डॉक्टरांनी ठरवलं तर स्टिरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्सही देतात, साखर आणि बीपी बघून. काही जणांचं तेवढ्यावर भागतं. मशीन शॉपमधल्या कूलंटच्या फवाऱ्याबद्दल आणि धुळीबद्दलही त्यांना सांगा, कामावर मास्क लावायलाच हवा.

सायली_पिंची

अपडेट देते, पावसाळा संपत आला. पहिल्याच डॉक्टरांकडे परत गेलो. स्प्रे, नाक धुणं, मधे गोळ्यांचा छोटा कोर्स, सगळं अगदी वेळच्या वेळी केलं. गोळ्या चालू असताना चक्क वास आला होता, आईने भज्या तळल्या तर खोलीतून उठून आला! डॉक्टर म्हणाले हे चांगलं लक्षण आहे, वासाची नस शाबूत आहे, वाट अडली आहे. गोळ्या संपल्यावर परत बंद झाला, आणि गोळ्या कायम देता येत नाहीत. त्यामुळे नवरात्रानंतर फेस आणि सेप्टोप्लास्टी ठरलीये. त्यांनी सीटी स्क्रीनवर लावून एकेक कप्पा दाखवला, कुठे काय काढणार, काय ठेवणार ते सांगितलं. भावाचा बलूनचा हट्ट तिथेच सुटला. दिवाळीत त्याला फरीदाबादला साइटवर विमानाने जायचंय, जमेल का?

वैदेही_कोथरूड

किती छान बातमी! रजा दोन आठवड्यांची टाक, एक पुरत नाही. दुसऱ्या आठवड्यात बरं वाटतं पण थकवा असतो.

अनुस्वार

शुभेच्छा. विमानप्रवास साधारण दोनेक आठवडे टाळायला सांगतात, नक्की तारीख तुमच्या सर्जननी दुर्बिणीतून बघूनच ठरवायची, म्हणून तिकीट त्या तपासणीनंतरच काढा. पण प्रवासापेक्षा मला दिवाळीतल्या तिकडच्या हवेची जास्त काळजी वाटते, ताज्या ऑपरेशनला फटाक्यांचा धूर आणि धुकं अजिबात सोसत नाही. साइटची तारीख महिनाभर पुढे ढकलता आली तर बघा. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत स्प्रे आणि धुणं चालू ठेवायचं की नाही हे त्यांना विचारा, बहुतेक जण चालू ठेवायलाच सांगतात. काढलेले पॉलिप तपासणीला पाठवतील, तो रिपोर्ट जपून फाइलला लावा.